चार चेक आणि चौदा दिवसांची नोटीस

पत्राचा गोषवारा : पत्रलेखक बत्तीस वर्षांचे, मूळ कोल्हापूर जिल्ह्यातले, बांधकाम कंपनीत क्वालिटी इंजिनिअर. जूनमध्ये दुबईत रुजू झाले. एकूण पगार ९,००० दिरहम, त्यात बेसिक ४,५००. प्रोबेशन सहा महिन्यांचं, ते डिसेंबरात संपतं. साइट दुबईच्या दुसऱ्या टोकाला, जेबेल अली भागात. सध्या कुसैसमध्ये ९५० दिरहमची बेड स्पेस, एका खोलीत सहा जण. घरी मात्र ‘कंपनीने फ्लॅट दिलाय’ असं सांगितलं आहे. पत्नी कोल्हापुरात खासगी रुग्णालयात नर्स, मुलगी साडेतीन वर्षांची. दिवाळीपर्यंत दोघींना आणायचं असा दोन्ही घरांचा आग्रह. एका एजंटाने शारजाच्या अल नहदात वन बीएचके दाखवला आहे : वर्षाला ४२,०००, चार चेक (म्हणजे वर्षभराचं भाडं पुढच्या तारखांच्या चार चेकने आधीच लिहून द्यायचं), ‘आजच टोकन द्या’. तसाच फ्लॅट दुबईत कुसैसला ६६,००० ला पडतो. शिल्लक १२,००० दिरहम, बाकीचं बँकेकडून लोन काढायचा विचार आहे. घरच्या हप्त्यासाठी आणि आईवडिलांसाठी महिना १,८०० दिरहम पाठवतात. पासपोर्ट कंपनीच्या एचआरकडे ‘सुरक्षित’ ठेवलेला आहे. प्रश्न एकच : शारजा घ्यावं की दुबई?

उत्तर :

तुमचं पत्र नीट हिशेब मांडून लिहिलेलं आहे, इंजिनिअरचं पत्र शोभावं असं. पण हिशेबात एक आकडा राहिला आहे : चौदा. यूएईच्या सध्याच्या कामगार कायद्यानुसार (२०२१ चा कायदा, फेब्रुवारी २०२२ पासून लागू) प्रोबेशनमध्ये कंपनी तुम्हाला चौदा दिवसांच्या लेखी नोटिशीवर घरी पाठवू शकते. तुम्ही मात्र बारा महिन्यांचे चेक लिहायला निघाला आहात. म्हणून शारजा की दुबई हे ठरवण्याआधी, सप्टेंबरात सही करायची की जानेवारीनंतर, हे ठरवू.

प्रोबेशनमध्ये नोकरी गेली तर हातात काय उरतं ते पाहा. ग्रॅच्युइटी शून्य, कारण एक वर्ष पूर्ण झाल्याशिवाय ती लागूच होत नाही. (लागू झाल्यावरही ती बेसिकवर मिळते. पहिली पाच वर्षं वर्षाला एकवीस दिवसांचा बेसिक, म्हणजे तुमच्या बाबतीत ३,१५० दिरहम. नऊ हजारांवर मोजून ठेवली असेल तर खोडा.) नोकरी गेल्यावर पैसे देणारा सक्तीचा विमा आहे, महिना पाच दिरहमचा, पण त्याचाही लाभ सलग बारा महिने हप्ते भरल्यावरच. तो काढला आहे का, हे आजच बघा. न काढल्यास ४०० दिरहम दंड आहे. आणि कुटुंबाचा व्हिसा तुमच्या व्हिशावर उभा असतो. तुमचा रद्द होण्याआधी त्या दोघींचा रद्द करावा लागतो. घराचे उरलेले चेक मात्र रद्द होत नाहीत, ते तारखेला बँकेत जातात.

चेकबद्दल इथे एक अर्धवट माहिती फिरते : ‘आता चेक बाऊन्स झाला तरी जेल नाही.’ खात्यात पैसे नसल्याने परतलेला चेक २०२२ पासून बहुतेक प्रकरणांत फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, हे खरं. पण आता घरमालक न वटलेला चेक घेऊन थेट वसुलीच्या कोर्टात जाऊ शकतो, खटला वगैरे लढवत बसायची गरज नाही. तिथून खातं गोठवणं आणि देश सोडायला बंदी, हे दोन्ही होऊ शकतं. नोकरी नाही, व्हिसा संपत आलेला आणि विमानतळावरून परत पाठवलेलं, अशा अवस्थेत तीन वर्षांची मुलगी सोबत असू नये.

आता पैसे. पगाराला रुपयाच्या दराने गुणायची सवय गावाकडच्यांना असते, ती तुम्ही सोडा. खर्च दिरहममध्येच होतो. शारजाच्या फ्लॅटसाठी पहिला चेक १०,५००, एजंटाचे पाच टक्के २,१००, डिपॉझिट तेवढंच. करारनोंदणी आणि वीज-पाण्याचं डिपॉझिट मिळून अडीच हजार धरा. दोन व्हिसे, मेडिकल, एमिरेट्स आयडी आणि आरोग्य विमा मिळून साडेसात हजारांच्या आसपास. जुना फ्रिज, वॉशिंग मशीन, पलंग, गॅस शेगडी चार हजारांत बसवलं, तरी बेरीज एकोणतीस हजारांच्या घरात जाते. विमानाची तिकिटं वेगळी. तुमच्याकडे बारा आहेत.

महिन्याचं गणितही फार सुखाचं नाही. भाडं ३,५००. वीज-पाणी-गॅस सरासरी ४५०. उन्हाळ्यात एसी चोवीस तास चालतो तेव्हा त्याहून बरंच जास्त. इंटरनेट आणि दोन मोबाइल ४५०, किराणा-भाजी-दूध १,४००, जाणं-येणं ४५०, घरी १,८००. झाले ८,०५०. उरलेल्या ९५० मध्ये एप्रिलपासून शाळा आली : परवडणाऱ्या भारतीय शाळेतही केजी वनची फी वर्षाला सहा ते दहा हजार, बसचे तीन-चार हजार वेगळे. म्हणजे ९५० तिथेच संपले आणि लोनचा हप्ता अजून धरलेलाच नाही. कुसैसच्या फ्लॅटचं तर बोलायलाच नको. ५,५०० भाडं, शिवाय दुबईत वार्षिक भाड्याच्या पाच टक्के पालिकेची हाउसिंग फी वीजबिलातून महिन्याला कापली जाते. ती आणखी २७५. हे एजंट कधी सांगत नाही.

मग शारजाच, असं म्हणाल. पण तुमची साइट जेबेल अलीला आहे. आत्ता कंपनीची बस तुम्हाला कुसैसहून उचलत असणार. ती सीमेपलीकडे शारजात येते का, हे विचारलंत का? प्रत्येक कंपनीची येतेच असं नाही. अल नहदा नावाची वस्ती सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे, म्हणून नकाशावर पाच मिनिटं दिसतं, पण सकाळी दुबईकडे आणि संध्याकाळी शारजाकडे निघालेला इत्तिहाद रोड ज्याने पाहिला आहे तो त्या पाच मिनिटांवर विश्वास ठेवत नाही. बस चुकली आणि दुबईची टॅक्सी शारजात नेली तर मीटरवर वीस दिरहमचा अधिभार लागतो. गाडी घ्यायचं मनात असेल तर दुबईतला सालिक हा रस्त्यावरचा टोल आता गर्दीच्या वेळी सहा दिरहम झाला आहे. त्याआधी लायसन्स : भारतीय लायसन्स इथे थेट बदलून मिळत नाही, क्लास आणि टेस्ट धरून पाच-सहा हजार दिरहम सहज जातात. फ्लॅट बघायला एकदा रविवारी नव्हे, मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता साइटवरून थेट जा. घड्याळ लावून जा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : टोकन देऊ नका, लोन काढू नका. दिवाळी हुकेल, हुकू द्या. डिसेंबरात प्रोबेशन संपेल, ते संपल्याचं एचआरकडून ईमेलवर लेखी घ्या. त्याच वेळी दोन गोष्टी विचारा : घरभाडं भत्ता वाढवता येईल का, आणि वर्षाचं भाडं कंपनी आगाऊ भरून पगारातून कापून घेईल का. पुष्कळ कंपन्या हे करतात, पण स्वतःहून कुणी सांगत नाही. कंपनीने भरलं तर एकाच चेकमध्ये भाडं जातं आणि एका चेकवर मालक हजार-दोन हजार कमी करतो. तोपर्यंत दरमहा पाच हजार बाजूला पडले, तर जानेवारीअखेर तुमच्याकडे लोनशिवाय तीस हजारांच्या आसपास असतील.

जानेवारीत दोघींना आधी महिनाभराच्या व्हिजिट व्हिशावर बोलवा. भाड्याने द्यायचा परवाना असलेला, सामानासकट एखादा स्टुडिओ (एका खोलीचा फ्लॅट) महिन्याच्या भाड्याने घ्या. व्हिजिट व्हिशाची तारीख मात्र चुकवू नका, नंतर दिवसाला पन्नास दिरहम दंड आहे. हवा तेव्हा छान असते, बागेत जाता येतं, तुमच्या पत्नीला वस्ती, शाळा, दुकानं स्वतः बघता येतात. ज्या बायका पहिल्यांदाच जुलैत येऊन बंद खिडक्यांच्या घरात अडकतात, त्यांचं मन पुन्हा बसायला वर्ष जातं. आणि घर दोघांनी मिळून पसंत केलेलं बरं. तुमच्या पत्रात त्यांचं मत कुठे दिसलं नाही.

त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तुमच्या घराचा ताळेबंद खरं तर त्या बदलू शकतात. ‘ती आली की नोकरी सोडेलच’ असं तुम्ही एका ओळीत उडवून लावलं आहे. का सोडेल? पतीच्या व्हिशावर असलेल्या स्त्रीला इथे नोकरी करता येते. व्हिसा बदलावा लागत नाही, नवी कंपनी फक्त तिचं वर्क परमिट काढते. नर्सला लायसन्स लागतं : दुबईसाठी डीएचए या तिथल्या आरोग्य प्राधिकरणाचं, शारजा आणि उत्तरेकडच्या अमिरातींसाठी आरोग्य मंत्रालयाचं, अबुधाबीसाठी डीओएच या तिथल्या आरोग्य खात्याचं. त्यासाठी पदवी, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (कारवाई झालेली नसल्याचा दाखला) आणि तारखांसकट अनुभवपत्रं यांची डेटाफ्लो नावाची पडताळणी होते, त्याला काही आठवडे जातात. परीक्षा भारतातल्या केंद्रावरही देता येते. म्हणजे हे सगळं त्यांनी कोल्हापुरात, पगार चालू असताना सुरू करावं. आज राजीनामा देऊन त्या इथे आल्या आणि वर्ष-दीड वर्ष घरी बसल्या, तर अनुभवातला तो खंड पुढे लायसन्सच्या वेळी आडवा येतो. अनुभवपत्र राजीनाम्याआधी मागून ठेवावं. नंतर मिळवताना रुग्णालयं किती खेपा घालायला लावतात हे त्यांना ठाऊक असेलच.

अडचण मुलीची राहील. बारा तासांची पाळी इथे सर्रास असते आणि आजीला कायमचं आणणं तुमच्या पगारात बसत नाही. आईवडिलांच्या व्हिशाची पगाराची अट तुमच्या पगाराच्या वर आहे. पाळणाघराचा खर्च पत्नीच्या पगारातून वजा करूनच नोकरी परवडते का ते बघा.

मुलगी मार्चपर्यंत चार वर्षांची होते आहे, हे सोयीचं आहे. एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या भारतीय शाळांत केजी वनसाठी ३१ मार्चला चार पूर्ण लागतात. प्रवेशाचे अर्ज आधीच्या शरद ऋतूतच उघडतात, तेव्हा दोन-तीन शाळांत आत्ताच नाव घाला. शाळा मात्र ज्या अमिरातीत राहणार तिथलीच घ्या. चिमुरडीला रोज सीमा ओलांडायला लावू नका.

आता कागद. सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात आणि हे काम मात्र आजपासून सुरू करायचं आहे. कुटुंबाच्या व्हिशासाठी पगाराची अट ४,००० दिरहम आहे, ती तुम्ही केव्हाच ओलांडली. लागतं ते विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि मुलीचा जन्मदाखला, दोन्ही साक्षांकित. क्रम असा : मंत्रालयातून राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईच्या वकिलातीचा, आणि इथे आल्यावर यूएईच्या परराष्ट्र खात्याचा, शेवटी अरबी भाषांतर, तेही मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून. नुसतं अपोस्टिल (बऱ्याच देशांना पुरणारा परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का) यूएईला चालत नाही. ओमानला गेलेल्या मित्राचं चाललं म्हणून तुमचंही चालेल असं धरू नका.

शिक्क्यांच्या आधी कागद भिंगाखाली धरा. ग्रामपंचायतीचा हाताने लिहिलेला, फक्त मराठीतला दाखला असेल तर इंग्रजी-मराठी दोन्ही असलेला नवा काढा. जन्मदाखल्यावर मुलीचं नाव आहे ना? आपल्याकडे बारशाआधीच दाखला घेतला की नावाची जागा कोरी राहते, आणि ती कोरीच लॅमिनेट होते. (लॅमिनेट केलेला दाखला तर मुळीच पाठवू नका, शिक्का मारणार कुठे?) पत्नीचा पासपोर्ट माहेरच्या नावाने आणि विवाहाचा दाखला सासरच्या नावाने, हे तर घरोघरी. दोन्ही नावं एकाच कागदावर यायला हवीत. पासपोर्टमध्ये पतीचं नाव घालून घेणं हा सरळ मार्ग. इंग्रजी स्पेलिंगमधला एखादा ‘ए’ कमी-जास्त असला तरी आत्ताच दुरुस्त करा, चार शिक्के पडल्यावर तीच दुरुस्ती पहिल्यापासून करावी लागते. त्यांची नर्सिंगची पदवीही याच फेरीत साक्षांकित करून घ्या.

कुटुंबाच्या एंट्री परमिटवर त्या उतरल्या की साठ दिवसांत मेडिकल, एमिरेट्स आयडी आणि व्हिसा पुरा करायचा असतो. मेडिकल म्हणजे रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे, तो पत्नीचा. अठराखालच्या मुलांना लागत नाही.

फ्लॅट घ्यायची वेळ येईल तेव्हा : पैसे रोखीने एजंटाच्या हातात नाही, चेक मालकाच्या नावाने. मालकीचा कागद आणि मालकाचा आयडी पाहिल्याशिवाय टोकनही नाही. ‘आजच द्या, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे’ असं म्हणणाऱ्याचं दुसरं गिऱ्हाईक खुशाल उभं राहू द्या. दुबईत करार एजारीत, म्हणजे भाडेकरारांच्या सरकारी नोंदणीत, नोंदला गेला तरच त्याला अर्थ. करारात मध्येच घर सोडायचं कलम घालून घ्या. साधारण दोन महिन्यांच्या भाड्याचा दंड ठरतो, पण तो आधी लिहिलेला असला की चेक परत मागता येतात. मग चिलरचं विचारा. चिलर म्हणजे काही इमारतींना एसीसाठी थंड पाणी पुरवणारी मध्यवर्ती यंत्रणा, तिचं बिल वेगळं येतं आणि ते चिल्लर नसतं. दुबईत ‘देवाचं बिल’ असं ऐकाल तर दचकू नका, देवा ही तिथली वीज-पाणी कंपनी. फ्लॅटचं तिचं डिपॉझिट दोन हजार. आणि कुणी ‘दुसऱ्या कुटुंबाबरोबर एक खोली शेअर करा’ म्हणालं तर खर्च वाचतो खरा, पण कुटुंबाच्या व्हिशाला करार तुमच्या नावावर हवा आणि दुबईत राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद व्हावी लागते. पार्टिशन घातलेल्या घरांवर पालिकेच्या धाडी पडतात, आणि कुटुंब असलं तरी घर रिकामं करावंच लागतं.

पासपोर्टचं थोडक्यात. कामगाराचा पासपोर्ट कंपनीने ठेवणं इथे बेकायदेशीर आहे, ‘सुरक्षित’ म्हणूनसुद्धा. भांडायची गरज नाही. एचआरला दोन ओळींचा ईमेल करा : बँकेच्या आणि कुटुंबाच्या व्हिशाच्या कामासाठी पासपोर्ट माझ्याकडे हवा आहे, कृपया अमुक तारखेपर्यंत द्यावा. बहुतेक वेळा तेवढ्याने मिळतो. टोलवाटोलवी झाली तर मनुष्यबळ मंत्रालयात तक्रार करता येते, आणि भारतीय दूतावासाच्या सहाय्यता केंद्राचा टोल फ्री क्रमांक आहे ८०० ४६३४२, म्हणजे ८०० आणि पुढे ‘इंडिया’ची अक्षरं.

भारतातल्या बचत खात्याचं एनआरओ (भारतातल्या पैशासाठीचं अनिवासी खातं) झालं आहे का? आणि घरी पैसे पाठवायला एनआरई (परदेशी कमाईसाठीचं अनिवासी खातं) उघडलं का? नसेल तर या महिन्यात करा. ओटीपी येणारं भारतातलं सिमकार्ड रोमिंगवर जिवंत ठेवा, ते बंद पडलं की बँकेची सगळी दारं एकदम बंद होतात.

राहिली ती ‘कंपनीच्या फ्लॅट’ची गोष्ट. तुम्हाला वाटतं, खरं कळलं तर पत्नी हातपाय गाळेल. रात्रपाळीला पूर्ण वॉर्ड सांभाळणारी बाई सहा पलंग बघून हातपाय गाळत नाही. उलट, फ्लॅट आहे असं समजूनच तर त्या दिवाळीचा धोशा लावत आहेत! घर असताना नवरा आम्हाला का आणत नाही, हा प्रश्न त्यांच्या जागी कुणालाही पडेल. शुक्रवारी सुट्टीआधीच्या रात्री, खोलीतले बाकीचे बाहेर गेलेले असताना फोन लावा. (व्हॉट्सअॅपचा कॉल इथे लागत नाही हे एव्हाना कळलंच असेल, बोटिम अॅप वापरा, व्हीपीएनच्या भानगडीत पडू नका.) कॅमेरा फिरवून पलंग दाखवा, त्याला लावलेला पडदा, खाली सरकवलेली बॅग. मग वरचे आकडे वाचून दाखवा. सासरी-माहेरी काय सांगायचं ते मग दोघं मिळून ठरवा.

जानेवारीच्या बॅगेविषयी एक सूचना मात्र आत्ताच घरी कळवा, कारण तयारी दिवाळीपासूनच सुरू होते. डाळी, पोहे, गूळ, शेंगदाणे, चितळ्यांच्या बाकरवडीपासून लोणच्यापर्यंत सगळं बर दुबई आणि करामा या दुबईतल्या वस्त्यांत मिळतं, त्यात वजन घालवू नका. खसखस मात्र यूएईत अमली पदार्थात मोडते आणि दाणाभरानेही माणूस अडकू शकतो. अनारशांवरची खसखस सगळ्यांना आठवते, कांदा-लसूण मसाल्यात भाजून कुटलेली कुणाच्या लक्षात राहत नाही. पूजेची विड्याची पानंही कस्टमच्या मनाई यादीत आहेत, अख्खं सुकं खोबरं विमानात चालत नाही, आणि कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉल परवानगीशिवाय आणायचं नाही, हे तुमच्या पत्नी इतरांना समजावतील. शेजारच्यांचं ‘जाता जाता एवढं द्या’ असं बंद पार्सल कितीही ओळखीचं असो, घ्यायचं नाही. आणि आईंना सांगा, दुबईचा डबा यंदा वेगळा कुटा, खसखशीशिवाय.